पायथनमध्ये मेमरी स्वतः मागून घेताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पायथन शिकताना मेमरीचा विषय एका वाक्यात संपतो: ऑब्जेक्ट बनवा, वापरा, साफसफाई पायथन बघून घेईल. रोज स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचं यावर वर्षानुवर्षं काही अडत नाही. अडतं ते सी भाषेतल्या एखाद्या लायब्ररीशी थेट बोलावं लागतं तेव्हा, किंवा शेकडो मेगाबाइटचा डेटा अमुक एका क्षणीच सोडायचा असतो तेव्हा. सी मधलं मेमरी मागून देणारं मॅलॉक आणि ती परत करणारं फ्री ही फंक्शन्स पायथनमधूनच बोलावता येतात. त्यासाठी वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, कारण सी फंक्शन्स बोलावू देणारं सीटाइप्स हे मॉड्यूल २.५ या आवृत्तीपासून पायथनसोबतच येतं.

ज्यांना पायथन येतं, पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता एवढं माहीत आहे, पण ज्यांनी मेमरी कधी हाताने घेतलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वर्णन सीपायथनचं आहे, म्हणजे बहुतेक लोक वापरतात त्या नेहमीच्या पायथनचं.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मॅलॉकने घेतलेली मेमरी गार्बेज कलेक्टरला, म्हणजे पायथनच्या साफसफाई करणाऱ्या भागाला, दिसतच नाही. त्याच्या लेखी तुमच्याकडे फक्त एक पूर्णांक आहे, तो पत्ता. तो पूर्णांक नाहीसा झाला तर पायथन पूर्णांकाची जागा मोकळी करेल. त्या पत्त्यावरची १०० एमबी मेमरी मात्र प्रोसेस संपेपर्यंत अडकून राहील. म्हणून प्रत्येक तुकड्याचा मालक कोण हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि मालक एकच असावा लागतो. शून्य मालक असले तर लीक (गळती), दोन असले तर क्रॅश.

आधी बघा, गरज आहे का?

सीपायथन प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक रेफरन्स काउंट, म्हणजे त्याच्याकडे किती जण बोट दाखवतात त्याचा आकडा, ठेवतं. काउंट शून्यावर आला की ऑब्जेक्ट तिथल्या तिथे जातं. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टचा काउंट कधीच शून्य होत नाही, म्हणून अशी वर्तुळं शोधणारा वेगळा कलेक्टर अधूनमधून चालतो. ५१२ बाइटपर्यंतच्या छोट्या मागण्या पायथन मेमरी वाटणाऱ्या स्वतःच्या अ‍ॅलोकेटरमधून भागवतं, त्याहून मोठ्या थेट सी च्या मॅलॉककडे जातात. म्हणजे मॅलॉक पडद्यामागे आधीपासूनच चालू आहे. आपण फक्त मधला हिशेबनीस बाजूला करतो आहोत, आणि तो जे जे करत होता ते आता आपल्याला करायचं आहे.

पायथनची नेहमीची पद्धत महाग कुठे पडते? ६४ बिटच्या मशीनवर एक फ्लोट ऑब्जेक्ट २४ बाइट घेतं: ८ बाइट रेफरन्स काउंटला, ८ टाइप सांगणाऱ्या पॉइंटरला आणि उरलेले ८ प्रत्यक्ष संख्येला. लिस्टमध्ये त्या ऑब्जेक्टचा पत्ता ठेवायला आणखी ८. म्हणजे १० लाख वेगवेगळ्या फ्लोटची लिस्ट सुमारे ३२ एमबी, आणि त्यात कामाचा डेटा ८ एमबी.

हे वाचून लगेच मॅलॉककडे धावू नका. पायथनचं स्वतःचं अ‍ॅरे मॉड्यूल त्याच १० लाख संख्या ८ एमबीत सलग ठेवतं आणि साफसफाईही करतं. कच्च्या बाइटसाठी बाइटअ‍ॅरे आहे, आकडेमोडीसाठी नमपाय आहे. सी फंक्शनला नुसता बफर भरायला द्यायचा असेल तर सीटाइप्समधलं क्रिएट_स्ट्रिंग_बफर पुरतं: ती मेमरी सी ला चालते आणि तिची मालकी पायथनकडेच राहते. माझं स्पष्ट मत आहे की हा लेख उघडणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचं काम इथेच होऊन जाईल, आणि तसं झालं तर उत्तमच.

यातली एकच अट नीट समजून घ्या. बफर फंक्शन चालू असेपर्यंतच लागत असेल तर काळजी नाही. पण सी लायब्ररी तो पत्ता स्वतःकडे जपून ठेवणार असेल, जसं ऑडिओचा किंवा नेटवर्कचा बफर एकदा नोंदवून नंतर पुन्हापुन्हा वापरणारी फंक्शन्स करतात, तर तेवढा काळ पायथनच्या बाजूलाही त्या बफरचा एक जिवंत रेफरन्स राहिला पाहिजे. नाहीतर तुमचं फंक्शन संपताच काउंट शून्य होतो, मेमरी जाते, आणि लायब्ररी नंतर कधीतरी त्या जागी लिहिते. चूक एका ठिकाणी आणि क्रॅश भलतीकडे, अशा बगमध्ये आठवडे जातात.

एवढं करूनही गरज उरलीच, तर पुढे चला.

पायरी पहिली: लायब्ररी हाताशी घेणे

लिनक्स आणि मॅकओएसवर सीटाइप्सच्या सीडीएलएल या क्लासला फाइलच्या नावाऐवजी नन द्या. प्रोसेसमध्ये आधीच लोड झालेली सगळी फंक्शन्स त्यातून मिळतात, मॅलॉक, कॅलॉक (शून्यांनी भरलेली मेमरी देणारं) आणि फ्रीसुद्धा. विंडोजवर नन चालत नाही. तिथे सी रनटाइमची, म्हणजे सी च्या मूळ फंक्शन्सची, डीएलएल नाव घेऊन लोड करावी लागते. तिथे एक धोका जास्त असतो. एकाच प्रोसेसमध्ये सी रनटाइमच्या एकाहून अधिक प्रती असू शकतात, आणि एकीच्या मॅलॉकने घेतलेला तुकडा दुसरीच्या फ्रीला दिला तर हीप, म्हणजे मॅलॉक जिथून तुकडे देतं तो मेमरीचा साठा, बिघडते. म्हणून मॅलॉक आणि फ्री नेहमी एकाच लोड केलेल्या ऑब्जेक्टमधून घ्या.

पायरी दुसरी: सह्या लिहिणे

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवख्यांचे बहुतेक क्रॅश इथूनच येतात.

सही म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय परत करतं याची नोंद. सीटाइप्सला कुठल्याही सी फंक्शनची माहिती नसते. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ते धरून चालतं की फंक्शन इंट परत करतं. सी चा इंट ३२ बिटचा, आणि पत्ता ६४ बिटचा. मॅलॉकने दिलेल्या पत्त्याचे खालचे ३२ बिट तेवढे तुमच्या हातात येतात, वरचे गळून पडतात. कुठलीही एरर येत नाही. कधी आकडा ऋण दिसतो, कारण उरलेल्यातला सर्वांत वरचा बिट १ असतो. ऋण पत्ता दिसला तर दुसरीकडे कुठे शोधत बसू नका, सही लिहायची राहिली आहे.

याहून फसवं म्हणजे कधीकधी हे चालून जातं. लिनक्सवर पायथनचा प्रोग्राम ज्या पद्धतीने बिल्ड झाला आहे त्यावर अवलंबून छोटे तुकडे अगदी खालच्या पत्त्यांवर मिळू शकतात, ३२ बिटमध्ये मावतील इतक्या. मग तुमची १०० बाइटची चाचणी सुरळीत पार पडते. खऱ्या डेटासाठी मोठा तुकडा मागितला की तो मेमरीच्या वरच्या भागातून येतो, पत्ता कापला जातो, आणि पहिल्याच वाचनाला सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे हक्काबाहेरच्या मेमरीला हात लावल्याने प्रोसेस बंद. म्हणून छोटी चाचणी चालली यावर विसंबू नका.

उपाय चार ओळींचा आहे, आणि तो फंक्शन पहिल्यांदा बोलावण्याआधी करायचा. मॅलॉकच्या रेसटाइपला (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) सी_व्हॉइड_पी, म्हणजे पत्ता, द्या. मॅलॉकच्या आर्गटाइप्सला (दिल्या जाणाऱ्या किमतींचे प्रकार) एकाच घटकाची लिस्ट द्या: सी_साइझ_टी, म्हणजे आकाराचा आकडा. फ्रीच्या आर्गटाइप्समध्ये सी_व्हॉइड_पी लिहा आणि रेसटाइप नन ठेवा. फ्रीची सही अनेक जण सोडून देतात, कारण ते काही परत करत नाही. पण आर्गटाइप्स नसतील तर पायथनचा पूर्णांक फ्रीकडे जातानाही इंट म्हणून जातो, आणि पुन्हा तेच: अर्धा पत्ता. फ्रीला चुकीचा पत्ता देणं हे लीकपेक्षा कितीतरी वाईट.

पायरी तिसरी: मागणे आणि तपासणे

किती बाइट हवेत ते घटकांची संख्या गुणिले सीटाइप्सचं साइझऑफ असं काढा. ८ हा आकडा हाताने लिहू नका. संख्या शून्याहून मोठी आहे हे स्वतः तपासा. सीटाइप्स पूर्णांक बसतो की नाही हे बघत नाही, त्यामुळे ऋण ८ दिलं तर साइझ_टीमध्ये जाताना तो एक प्रचंड मोठा धन आकडा होतो. शून्य बाइट मागितले तर काय मिळेल हे सी चं मानक लायब्ररीवर सोडतं, तेव्हा ती वेळच येऊ देऊ नका.

मेमरी मिळाली नाही तर मॅलॉक नल (रिकामा पत्ता) देतं, आणि सी_व्हॉइड_पी लिहिलेलं असेल तर पायथनमध्ये ते नन म्हणून दिसतं. नन आला तर तिथेच मेमरीएरर उठवा. पुढे जाऊन बघू, हा विचार इथे चालत नाही.

लिनक्सवर एक गोष्ट लक्षात असू द्या: मॅलॉक यशस्वी झालं म्हणजे तेवढी रॅम बाजूला काढून ठेवली असं नव्हे. मोठ्या तुकड्यासाठी कर्नल आधी फक्त पत्ते देतं. प्रत्यक्ष पान (रॅमचा ठरावीक आकाराचा तुकडा) तुम्ही त्यात पहिल्यांदा लिहाल तेव्हा जोडलं जातं. म्हणून १ जीबी मागितल्यावरही प्रोसेसची मेमरी लगेच वाढलेली दिसत नाही.

मॅलॉकच्या मेमरीत सुरुवातीला काय असेल याची काही खात्री नसते. सुरुवात शून्यांनी हवी असेल तर कॅलॉक वापरा. ते घटकांची संख्या आणि एकाचा आकार वेगवेगळे घेतं आणि गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर नल देतं. त्यालाही सही लिहायला विसरू नका: आर्गटाइप्समध्ये दोन सी_साइझ_टी, रेसटाइप सी_व्हॉइड_पी. नवख्यांनी मॅलॉकऐवजी कॅलॉकपासूनच सुरुवात करावी असं मी सुचवेन.

पायरी चौथी: त्या पत्त्यावर व्ह्यू बसवणे

नुसत्या पत्त्याने काम होत नाही, त्यावर व्ह्यू लागतो, म्हणजे प्रत न करता तीच मेमरी वाचण्या-लिहिण्याची खिडकी. तिथे काय आहे हे पायथनला सांगावं लागतं. सी_डबलला घटकांच्या संख्येने गुणलं की सीटाइप्स एक अ‍ॅरे टाइप बनवून देतं. त्या टाइपच्या फ्रॉम_अ‍ॅड्रेसला पत्ता दिला की त्या मेमरीवर बसलेलं अ‍ॅरे ऑब्जेक्ट मिळतं. त्यात इंडेक्स देऊन वाचा, लिहा. हद्दीबाहेरचा इंडेक्स दिला तर इंडेक्सएरर येते, म्हणजे निदान एवढी राखण होते. कास्ट करून (पत्त्याचा प्रकार बदलून) पॉइंटर घेतलात तर तीही नाही: हजारच्या तुकड्यात पाच हजारावा घटक मागितला तर तो काहीतरी देईलच. जिथे अ‍ॅरे चालतो तिथे पॉइंटर घेऊ नका.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीला कोड्यात टाकतात. सीटाइप्सच्या अ‍ॅरेचा स्लाइस घेतला की तो व्ह्यू नसतो. पायथनची नवीकोरी लिस्ट बनते, प्रत्येक घटकाच्या वेगळ्या ऑब्जेक्टसकट. ज्या खर्चातून सुटायला इतका खटाटोप केला तोच एका कोलनने परत येतो. प्रत न करता तुकडा हवा असेल तर अ‍ॅरेवर मेमरीव्ह्यू घ्या. आणि सी_डबलच्या अ‍ॅरेवरचा मेमरीव्ह्यू थेट इंडेक्स करायला गेलात तर तो फॉरमॅट ओळखत नाही अशी तक्रार करतो. त्याला आधी बाइटमध्ये आणि मग डबलमध्ये, असं दोनदा कास्ट करा. डेटा हलत नाही, फक्त वाचण्याची रीत बदलते.

फ्रॉम_अ‍ॅड्रेसने मिळालेलं ऑब्जेक्ट मेमरीचं मालक नसतं. ते गेलं तरी मेमरी जात नाही, आणि मेमरी गेली तरी ते जात नाही. फ्री केल्यानंतरही त्यातून वाचता येतं, आणि पुष्कळदा जुना आकडा जसाच्या तसा दिसतोसुद्धा. तो दिसला म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. ती जागा आता दुसऱ्या कुणाची आहे.

पायरी पाचवी: मालक ठरवणे

आता एक छोटा क्लास लिहा. त्याला बफर म्हणू. सुरू होताना तो कॅलॉक करतो, नन तपासतो, पत्ता स्वतःकडे ठेवतो. मेमरी सोडण्याचे दोन मार्ग त्यात हवेत: एक नेहमीचा, एक राहून गेलं तर.

नेहमीचा मार्ग विथ ब्लॉकचा. एंटरमध्ये स्वतःला परत करा, एक्झिटमध्ये क्लोज बोलवा. मधे एरर आली तरी एक्झिट चालतंच, म्हणून हाच मुख्य रस्ता धरा.

राहून गेलं तर वीकरेफ मॉड्यूलमधलं फायनलाइझ. पायथन ३.४ पासून ते आहे, आणि अशा कामासाठी मला ते ऑब्जेक्ट जाताना चालणाऱ्या डेल या मेथडपेक्षा फार बरं वाटतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: बफर ऑब्जेक्ट, फ्री फंक्शन आणि पत्त्याचा आकडा. ऑब्जेक्ट गेलं की ते फ्रीला तो पत्ता देतं. प्रोग्राम संपताना उरलेलेही स्वतःहून चालवतं. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे ते एकदाच चालतं: दुसऱ्यांदा बोलावलं तर काहीच करत नाही. म्हणून क्लोजमध्ये थेट फ्री न बोलावता हा फायनलायझरच बोलवा आणि साठवलेला पत्ता नन करा. एकच तुकडा दोनदा फ्री होण्याची शक्यता तिथेच संपते.

फायनलाइझला सेल्फ किंवा सेल्फची मेथड देऊ नका. दिलीत तर फायनलायझर त्या ऑब्जेक्टला स्वतःच जिवंत धरून ठेवतो आणि ते गार्बेज कधी होतच नाही. फ्री आणि आकडा, बस.

राहिला व्ह्यूचा प्रश्न. समजा एका फंक्शनमध्ये तुम्ही बफर बनवला, त्याचा व्ह्यू घेतला आणि फक्त व्ह्यू परत केला. फंक्शन संपलं, बफरचा काउंट शून्य झाला, फायनलायझरने मेमरी सोडली, आणि बाहेरच्या हातात व्ह्यू राहिला तो रिकाम्या पत्त्यावरचा. कोड वाचताना यात काहीही चूक दिसत नाही. उपाय असा: व्ह्यू देताना त्यावर एक अ‍ॅट्रिब्यूट लावून त्यात मालकाचा रेफरन्स ठेवा. सीटाइप्सच्या अ‍ॅरेवर असं अ‍ॅट्रिब्यूट लावता येतं. त्यावर कुणी मेमरीव्ह्यू घेतला तर तो अ‍ॅरेला धरून ठेवतो आणि अ‍ॅरे मालकाला. उलट दिशेने मात्र मालकात व्ह्यू साठवू नका. मागेल तेव्हा नवा बनवून द्या. दोघांनी एकमेकांना धरलं की वर्तुळ झालं.

वर्तुळ झालं तर इतकं काय बिघडतं? वर्तुळं शोधणारा कलेक्टर कधी चालायचं हे ऑब्जेक्टच्या संख्येवरून ठरवतो, बाइटवरून नाही. त्याची पहिली मर्यादा दीर्घकाळ ७०० ऑब्जेक्टची होती. तुमचे १० बफर, प्रत्येकामागे १०० एमबी, वर्तुळात अडकले तर १ जीबी मेमरी गेली. कलेक्टरच्या हिशेबात ही जेमतेम काही ऑब्जेक्ट्स आहेत आणि त्याला घाई करायचं कारण दिसत नाही. फायनलायझरवर सगळा भार टाकू नका म्हणतात ते यासाठी. पायपायसारख्या रेफरन्स काउंट न ठेवणाऱ्या पायथनमध्ये तर साध्या ऑब्जेक्टचीही जाण्याची वेळ ठरलेली नसते. तिथे विथ ब्लॉकला पर्याय नाही.

विथ ब्लॉक संपल्यावर जिवंत राहिलेल्या व्ह्यूला मात्र मालकाचा रेफरन्सही वाचवत नाही, कारण क्लोज तुम्ही स्वतः केलेलं असतं. व्ह्यू ब्लॉकबाहेर नेऊ नका, किंवा वाचन-लेखन बफरच्याच मेथडमधून करा आणि प्रत्येक मेथडमध्ये पत्ता नन आहे का ते आधी बघा. हे थोडं हळू चालतं, पण क्रॅशऐवजी वाचता येईल अशी एरर मिळते.

लायब्ररीने दिलेली मेमरी

कधी मेमरी तुम्ही मागत नाही, लायब्ररी देते आणि सोडायचं काम तुमच्यावर टाकते. नियम साधा आहे: जिने दिली तिच्याच फंक्शनने परत. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीने तयार केलेला एरर मेसेज एसक्यूलाइट३_फ्रीनेच सोडायचा असतो, सी च्या फ्रीने नव्हे. कुठलं फंक्शन वापरायचं हे लायब्ररीच्या दस्तऐवजात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर अंदाज बांधू नका.

स्ट्रिंग परत देणाऱ्या फंक्शनपाशी जपून. रेसटाइप सी_चार_पी ठेवला की सीटाइप्स लगेच त्याची प्रत करून पायथनचे बाइट्स देतं, आणि मूळ पत्ता तुमच्या हाती येतच नाही. जे सोडायचं त्याचा पत्ताच नसेल तर सोडणार काय? अशा वेळी रेसटाइप सी_व्हॉइड_पी ठेवा, सीटाइप्सच्या स्ट्रिंग_अ‍ॅटने मजकूर वाचा, मग पत्ता सोडणाऱ्या फंक्शनला द्या.

गळती आणि क्रॅश शोधणे

ट्रेसमॅलॉक हे पायथनचं उत्तम साधन इथे आंधळं आहे, कारण ते पायथनच्या अ‍ॅलोकेटरमधून गेलेल्या मागण्याच मोजतं. गेटसाइझऑफही तसंच: १०० एमबीचा बफर त्याला काही डझन बाइटचा दिसेल. बाहेरून बघा. लिनक्सवर प्रॉक फाइलसिस्टीममधल्या स्टेटस फाइलमध्ये व्हीएमआरएसएसची, म्हणजे प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेल्या रॅमची, ओळ असते. संशयित कोड लूपमध्ये चालवा, दर फेरीत बफर पूर्ण भरा आणि ती ओळ छापा. सुरुवातीला थोडी वाढ होऊन आकडा स्थिरावला तर ठीक. दर फेरीला सारखाच वाढत गेला तर गळती आहे. लहान तुकडे फ्री केल्यावर आकडा उतरला नाही म्हणून घाबरू नका. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी, ते पुढच्या मागणीसाठी स्वतःजवळ ठेवतं. साधारण १२८ केबीहून मोठे तुकडे ते सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टीमकडून वेगळे मागतं आणि असे तुकडे फ्री होताच परत करतं.

क्रॅशसाठी फॉल्टहँडलर मॉड्यूल चालू ठेवा. सेगमेंटेशन फॉल्ट आला तर पायथनच्या कुठल्या ओळीवर होतो ते छापलं जातं. नाहीतर प्रोसेस मुकाट्याने मरते. डबल फ्री सापडल्याचा संदेश ग्लिबसी स्वतः देऊन प्रोसेस थांबवतं. तो आला तर एकाच पत्त्याचे दोन मालक शोधा. बफर ऑब्जेक्टची कॉपी मॉड्यूलने प्रत झाली तरी दोन ऑब्जेक्ट एकाच पत्त्याकडे बघत राहतात. क्लासमध्ये कॉपी आणि पिकल करण्याच्या मेथड एरर देणाऱ्या ठेवल्या की हे टळतं. याहून खोल जायचं तर व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारं साधन आहे. त्याआधी पायथनमॅलॉक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला मॅलॉक ही किंमत द्या, म्हणजे पायथनचा स्वतःचा अ‍ॅलोकेटर मधे येणार नाही.

दुसऱ्या भाषेत हेच करताना

लुआ भाषेच्या लुआजिटमधल्या एफएफआयमध्ये (सी फंक्शन्स बोलावण्याची सोय) पॉइंटरला जीसी नावाच्या फंक्शनने फ्री जोडून देता येतं. हाताने फ्री करायचं झालं तर आधी त्याच फंक्शनला निल देऊन ती जोडणी काढा, नाहीतर दोनदा फ्री होईल. जावास्क्रिप्टमध्ये वेबअसेम्ब्लीची मेमरी ६४ केबीच्या पानांनी वाढते आणि आतल्या तुकड्यांचं मॅलॉक-फ्री तुमच्याकडे असतं. २०२१ पासून तिथे ऑब्जेक्ट गेल्यावर कॉलबॅक देणारी फायनलायझेशनरजिस्ट्री आहे, पण तिचा कॉलबॅक कधी येईल, किंबहुना येईलच का, याची हमी भाषा देत नाही. तेव्हा तिथे क्लोज किंवा फ्री अशी स्पष्ट मेथड ठेवा, आणि ट्राय-फायनलीमध्ये ती बोलवा.